हौदा बुजतो आहे

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम रंगला की पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम या नावांनी शाहू स्टेडियम दणाणते. नावे ठणठणीत आहेत. मखरावर, जर्सीवर, वर्गणीच्या पावतीवर ती डौलाने मिरवतात. परंतु ज्या तालमींतून ही नावे आली तिथल्या कुस्तीच्या मातीच्या हौद्यात आज पहाटे कोण उतरते, आणि उतरणाऱ्याला शिकवायला काठावर कोण उभे असते, हा प्रश्न ना मिरवणुकीत कुणी विचारतो, ना मंत्रालयात. हिंदू आणि मुसलमान मित्रांनी मिळून उभी केलेली गुरुजी तालीम तर तालीम म्हणून केव्हाच नामशेष झाली. तिचा गणपती तेवढा उरला. महाराष्ट्राची मल्लविद्या शिकण्याची जागा आणि शिकवणारा माणूस या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी निराधार होत आहे. या दशकात हस्तक्षेप झाला नाही, तर पुढच्या दशकात हस्तक्षेप करण्याजोगे काही शिल्लक राहणार नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, कुस्तीला कधी नव्हे इतके बरे दिवस आले आहेत. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला थार गाडी मिळते, मैदानांना आमदार-खासदारांची रीघ लागते, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण होते. हे सारे खरे आहे आणि प्रस्तुत संकटाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. स्पर्धेची भरभराट आणि विद्येचा ऱ्हास एकाच काळात, एकाच मांडवात सुखेनैव नांदू शकतात. गुणफलकावर जी कुस्ती मोजता येते ती जगेल. जी मोजता येत नाही ती शिकवणारा वस्ताद गेला की त्याच्याबरोबर जाते, आणि तिच्या जाण्याची नोंद कुठल्याही निकालपत्रकात होत नाही.

जे जात आहे त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या परंपरेने मल्लयुद्धाचे चार प्रकार मानले. भीमसेनी कुस्ती बलप्रधान. हनुमंती कुस्ती चपळाईची आणि डावपेचांची, दुबळ्याने बलवंताला नमवण्याची. जांबुवंती कुस्तीत हातापायांना, सांध्यांना कुलूप घालून प्रतिस्पर्ध्याला जखडायचे आणि शरण आणायचे. जरासंधी ही त्यापुढची भयंकर पायरी. सांधा निखळेपर्यंत, हाड मोडेपर्यंत जाणारी, आणि म्हणून सुसंस्कृत समाजाने मैदानाबाहेर ठेवलेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, तेव्हा मल्लविनोदाला त्यात स्वतंत्र प्रकरण दिले. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचे ‘मल्लपुराण’ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले. ज्या विद्येला राजाने ग्रंथात स्थान दिले, जिच्यासाठी एका संपूर्ण ज्ञातीने पिढ्या खर्ची घातल्या, तिच्या चार शाखांपैकी आज एखाद्या जिज्ञासू तरुणाला महाराष्ट्रात नेमकी कोणती शाखा, कोणत्या गावात, कोणाकडे शिकता येईल? भीमसेनी आणि हनुमंतीचे मिश्रण त्याला गादीवर मिळेल. जांबुवंतीचे नाव काढल्यावर बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे कुतूहलाने पाहिले जाईल आणि फारतर एखाद्या थकलेल्या वस्तादाच्या घराचा पत्ता हाती ठेवला जाईल.

हा संकोच आकाशातून पडलेला नाही; तो नियमांनी घडवला आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली की लढत समाप्त, आणि खाली गेलेल्या मल्लांत हालचाल थंडावली की पंच दोघांना उभे करणार, हा आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीचा साचा आहे. त्या साच्यात खालची कुस्ती गुदमरते. सवारी घेऊन, मानेवर घुटना ठेवून, हप्ते भरून, समोरच्याचा दम मोजत मोजत त्याला तसूतसूने चीत करण्याची जी दीर्घसूत्री कला कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हजारो प्रेक्षक श्वास रोखून पाहत, तिला सहा मिनिटांत जागा नाही. ज्या डावाला गुण नाही तो डाव मुलगा घोटत नाही. घोटला जात नाही तो वस्ताद दाखवत नाही. दाखवला जात नाही तो त्याच्या पठ्ठ्याने पाहिलेलाच नसतो. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, मोळी, घिस्सा ही ठळक नावे टिकतील, कारण त्यांवर टाळी पडते. पण प्रत्येक डावाला तोड असते आणि त्या तोडीला पुन्हा तोड असते. ही तोडींची अदृश्य वीणच विद्या असते आणि नेमकी तीच प्रथम उसवते. महाराष्ट्र केसरीत माती विभाग आहे, असे सांगून समाधान करून घेणाऱ्यांनी एवढेच पाहावे की तिथे मातीवरही गुणच मोजले जातात आणि अंतिम लढत गादीवरच होते. मातीचा रंग तेवढा राखला गेला आहे.

आमचा गादीला विरोध आहे, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९४८ साली लंडनला अनोळखी गादीवर उतरावे लागले आणि सहाव्या क्रमांकावर थांबावे लागले. त्यातून शिकून, राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांच्या आधारे, ते १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. गादी अपरिहार्य आहे. प्रश्न असा की गादीवर जाणारा मल्ल कोणती शिदोरी घेऊन जातो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपत आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. कमरेखाली हात लावायचा नाही, पायाने डाव करायचा नाही, अशा सर्वस्वी परक्या नियमांच्या प्रकारातही ही माणसे चमकली, कारण मातीने त्यांना एका प्रकारापुरते शिकवले नव्हते. आज भारताच्या खात्यावर कुस्तीची आठ ऑलिंपिक पदके आहेत आणि आठही फ्रीस्टाइलची आहेत. ग्रीको-रोमनच्या रकान्यात शून्य. आंदळकर-मानेंच्या जिल्ह्यांत आज एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला ग्रीको-रोमन शिकायची इच्छा झाली तर घरापासून सायकलच्या अंतरावर त्याला कोण शिकवणार? जो प्रकार जवळ शिकता येत नाही, तो फक्त परवडणाऱ्यांचा होतो. आणि कुस्ती परवडणाऱ्यांच्या घरातून कधी आली नाही.

आश्रयाचा इतिहास पाहिला की ऱ्हासाची दिशा स्पष्ट होते. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. पण त्यांनी केवळ मैदान बांधले नाही. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमींची जी फळी कोल्हापुरात नांदली, देशाच्या कानाकोपऱ्यातून जे मल्ल आणि वस्ताद तिथे येऊन राहिले, त्यांच्या खुराकाची, राहण्याची, मेहनतीची तजवीज संस्थानाने केली. मैदान हे फळ होते, तालीम हे मूळ. संस्थाने गेली, तेव्हा साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन काही काळ तो भार उचलला. गावोगावच्या जत्रांनी रेवडीवरच्या कुस्तीपासून शेवटच्या लाखाच्या जोडीपर्यंत एक शिडी उभी ठेवली. आता पैसा अधिक आहे आणि तो सारा शेवटच्या पायरीवर साठला आहे. विजेत्याला गाडी, गदा, फेटा, पोलीस खात्यात पद. आणि जो माणूस पहाटे चारला उठून तीस पोरांच्या जोर-बैठका मोजतो, त्याच्या हाती गुरुपौर्णिमेचा नारळ. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन निरनिराळे महाराष्ट्र केसरी घोषित झाले. २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून राज्यभर वादंग माजले. किताबावरून एवढी ऊर्जा जाळणाऱ्या संघटनांनी वस्तादांच्या प्रश्नावर एक दिवसाचा तरी गदारोळ केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शासनाच्या दृष्टीने तर वस्ताद ही व्यक्तीच अस्तित्वात नाही. प्रशिक्षक म्हणून नेमणूक हवी असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेसारखी शैक्षणिक अर्हता लागते. ती पदविका आवश्यकच आहे आणि ती ऑलिंपिक प्रकारांसाठी आहे, हेही योग्यच. परंतु ज्याने चाळीस वर्षे हौदा सांभाळला, जो स्पर्शाने सांगतो की पोराची मान कच्ची आहे की कमरेत भीती आहे, त्याला तोलण्याचे कोणतेही माप या व्यवस्थेपाशी नाही. परिणामी त्याचा मुलगा तालीम सोडून सुरक्षारक्षक होतो आणि त्याचा सर्वोत्तम पठ्ठा व्यायामशाळेत यंत्रांवर शिकवू लागतो. तालमीचे पुढे काय होते तेही ठरलेले आहे. लोकप्रतिनिधींच्या निधीतून हौद्यावर फरशी बसते, फरशीवर यंत्रे येतात, भिंतीवर निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते आणि मारुतीला एका कोपऱ्यात सरकवले जाते. याला नूतनीकरण म्हणतात! शहराच्या पेठेत असेल तर त्याच्याही आधी बांधकाम व्यावसायिक येतो आणि इमारतीच्या नावात तालमीचे नाव राखून बाकी सर्व घेऊन जातो.

हौदा एकदा बुजला की तो पुन्हा सहजासहजी होत नाही, हे शहरी धोरणकर्त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ती माती म्हणजे खड्डा भरायला टाकलेला मुरूम नव्हे. चाळलेली तांबडी माती, तीत हळद, लिंबू, ताक, तेल, तूप, कापूर, काव, आणि वर्षानुवर्षे पाणी शिंपून खोऱ्याने केलेली मशागत यांतून तिचा पोत जमतो. माती खणणे हाच पहिला व्यायाम आणि पहिला धडा. त्या पोतावर अंगाखांद्याने आदळूनही मुलगा उठतो. घट्ट झालेल्या किंवा निगा नसलेल्या मातीवर तोच मुलगा खांदा निखळून घेतो. मशागत करणारे हात गेले की माती दगड होते, आणि मग तिला धोकादायक ठरवून तिच्यावर फरशी घालण्याचा ठराव एकमताने संमत होतो.

आता परिणामांची साखळी पाहावी. जवळ शिकवणारा नसला तरी तरुणांची ओढ संपत नाही. ती मोबाइलच्या पडद्याकडे वळते. सांध्याला कुलूप घालण्याचे, गळा आवळण्याचे प्रकार आज चित्रफिती पाहून गच्चीवर, कॉलेजच्या मैदानावर करून पाहिले जातात. डाव दिसतो, तो कुठे थांबवायचा, हे दिसत नाही. जांबुवंतीची सारी मर्यादा त्या थांबण्यात आहे आणि ती शिकवायला समोर माणूस लागतो. म्हणजे विद्येचे शिस्तबद्ध रूप आपण मारायचे आणि तिचे बेबंद रूप मोकाट सोडायचे, असा हा व्यवहार आहे. पुण्या-मुंबईच्या उपनगरांत ब्राझिलियन जिउ-जित्सूचे वर्ग चालतात, त्यांत आमच्या मते गैर काहीच नाही. तिथे निदान थांबण्याची खूण पहिल्या दिवशी शिकवली जाते. पण ती मासिक फी शिराळा किंवा खटाव तालुक्यातल्या ऊसतोड्याच्या मुलाला झेपणारी नाही. आणि ज्या शहरात जांबुवंतीचा वस्ताद त्याच रस्त्यावर दोन चौक पलीकडे दारात खाट टाकून बसलेला असतो, त्या शहराने सांधा-कुलुपाचे शिक्षण परदेशातून आयात करावे, यातला विनोद त्या वस्तादालाही कळत असेल.

जपानने ही वेळ दीडशे वर्षांपूर्वी अनुभवली. मेइजी राजवटीत जुन्या जुजुत्सूच्या परंपरा कालबाह्य ठरल्या, सामुराईंचे आश्रय तुटले, गुरू पोटासाठी हाडे बसवण्याचा धंदा करू लागले. जिगोरो कानो हा किरकोळ अंगाचा विद्यार्थी १८७७ च्या सुमारास तोक्योत शिकवणारा शोधत हिंडला, आणि त्याने हाडवैद्यांच्या दारावरच चौकशी केली. कारण जुजुत्सू जाणणारे तिथेच सापडण्याचा संभव होता. त्याला गुरू मिळाले. त्यांच्याकडून दोन जुन्या परंपरा शिकून, पारखून, घातक ते वेगळे ठेवून त्याने १८८२ साली कोदोकान स्थापन केले. स्पर्धेत न बसणारे प्रकारही त्याने ठरीव रूपात जतन केले. त्याच संस्थेत शिकलेला मित्सुयो माएदा ती विद्या ब्राझीलला घेऊन गेला आणि तिचेच रूपांतर आज आपल्या उपनगरांत पैसे मोजून शिकले जाते. १९६४ साली जुदो ऑलिंपिकमध्ये आला. आपल्याकडचे हाडे बसवणारे वस्ताद अजून आहेत. त्यांच्या दारावर जाणारा कानो मात्र अद्याप कोणत्याही विद्यापीठातून निघालेला नाही, आणि निघाला तर त्याला विचारायचे कोणाला, हे सांगणारी एक यादीही क्रीडा खात्यापाशी नाही.

जगाने इतरत्रही जागरूकता दाखवली. इराणच्या झूरखान्यांतील पहलवानी विधी आणि तुर्कस्तानचा किर्कपिनार तैलकुस्ती उत्सव २०१० साली, तर जॉर्जियाची चिदाओबा आणि दोन्ही कोरियांची सिरुम २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंदली गेली. सिरुमसाठी तर परस्परांवर तोफा रोखून बसलेली दोन राष्ट्रे एकत्र आली. आपल्याच देशात मणिपूरची मुकना भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या देशी खेळांच्या योजनेत आहे. मातीतली कुस्ती तिथेही नाही आणि युनेस्कोच्या यादीतही नाही. ज्या राज्याच्या राजकारण्यांची भाषणे शड्डू, धोबीपछाड आणि चीतपटाविना पुरी होत नाहीत, त्या राज्याची ही अवस्था आहे.

आणखी एक किंमत आपण हिशेबात धरतच नाही. तालमीत जातीचा दाखला मागितला जात नसे. लंगोट लावून माती अंगाला लागली की कोण कुठल्या गल्लीतला हे धुऊन जाई. वस्ताद मुसलमान आणि पठ्ठे मराठा, किंवा उलट, हे कोल्हापूर-सांगलीत नवलाचे नव्हते. त्या हौद्याची जागा ज्या कट्ट्यांनी आणि ज्या भाईंच्या कार्यालयांनी घेतली तिथे पोरांची विभागणी प्रथम आडनावाने होते. पोलीस ठाण्यांना आणि शांतता समित्यांना याचे बिल दरवर्षी मिळतच असते. ते कोणत्या खात्यातून आले, एवढेच कोणी तपासत नाही.

परंपरेच्या कैवाऱ्यांनाही इथे सुनावले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. या मुली आल्या गादीवरून, कारण बहुतेक हौद्यांची दारे ब्रह्मचर्याच्या नावाखाली त्यांना बंद होती. शिकायला आतुर असलेल्या अर्ध्या वारसांना दारातच अडवायचे आणि मग विद्येला वारस उरला नाही म्हणून उसासे टाकायचे, हा दांभिकपणा आहे. मातीची विद्या जगवायची असेल तर तालमींनी पहाटेची नाही तर संध्याकाळची वेळ मुलींसाठी मोकळी करावी लागेल, आणि काही वस्तादांना आयुष्यभराचा हट्ट सोडावा लागेल.

द. चिं. मुजुमदारांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत बडोद्यात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, तेव्हा त्यांच्या हाती ना कॅमेऱ्याचा फोन होता ना राज्याचा क्रीडा अर्थसंकल्प. आज दोन्ही असताना एकाही विद्यापीठाने जिवंत वस्तादांचे डाव आणि तोडी पद्धतशीर चित्रित करू नयेत, हा साधनांचा अभाव म्हणता येणार नाही. छापील आणि चित्रित कोश विद्या शिकवू शकत नाही, त्याने फक्त ती हरवण्याचा वेग मंदावतो. म्हणून त्याच्या जोडीला वस्तादांना त्यांच्या पठ्ठ्यांची कसोटी घेऊन मान्यता आणि नियमित मानधन, बुजलेले हौदे पुन्हा खणण्यासाठी निधी, आणि अस्तित्वातल्या तालमींच्या जागांना पुनर्विकासात कायद्याचे संरक्षण द्यावे लागेल. एका थारच्या किमतीत किती हौद्यांची माती वर्षभर मळली जाईल, याचा हिशेब क्रीडामंत्र्यांनी खाजगीत का होईना, एकदा करून पाहावा.

पण या सर्वांआधी एक काम आहे आणि त्याला मंत्रिमंडळाच्या मंजुरीचीही गरज नाही. पुढच्या महाराष्ट्र केसरीच्या आत प्रत्येक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातील चालू हौद्यांची यादी जाहीर करावी: हौदा कुठे आहे, वस्ताद कोण, तो काय शिकवतो, किती मुले आणि किती मुली उतरतात. त्यात वस्तादाच्या वयाचा रकाना जरूर असावा. वित्त विभागाला निधीची तातडी त्या एकाच रकान्यातून कळेल.